सहाही बोटं एकदम

१८ नोव्हेंबर १९७८, शनिवार

आजही तेच. सा, कोमल रे, रे, कोमल ग, ग, म, तीव्र म. इथपर्यंत मी सभ्य बाई. पुढच्या प ला शिट्टी.

गुरुजी डोळे मिटून बसले होते. न उघडताच म्हणाले, "इंजिन आलं, बाई. उतरा."

तीव्र म ला बासरीची सगळी भोकं मोकळी. प ला सहाच्या सहा बंद. म्हणजे वर असलेली सगळी बोटं एका क्षणी खाली पडायला हवीत. माझी एकेक करून येतात, लग्नाला येणाऱ्या नातेवाइकांसारखी. उजवी अनामिका सगळ्यात शेवटी, रुसलेल्या आत्यासारखी. तोवर वारा कुठून तरी निसटतो आणि शिट्टी.

त्रेचाळिसाव्या वर्षी हे काय घेऊन बसले.

२० नोव्हेंबर

संध्याकाळी घरमालकीण सीताबाई जिना चढून वर आल्या. हातात कुकरचा डबा.

"हे पाय वं मास्तरीणबाई. डाळ. कच्ची."

मला कळेना.

"म्या शिट्ट्या मोजल्या. तीन झाल्या, स्टो बंद केला. आता पायतो त एक माह्या कुकरची, दोन तुह्या फुंकणीच्या."

माफी मागितली, आमच्यातलं वरण दिलं. हे आतल्या खोलीत पेपर तोंडावर धरून हसत होते. त्या गेल्यावर म्हणाले, "इतके दिवस वाजवून राहिलीस, एक साप नाही आला. डाळ मात्र आली."

फुंकणी. शब्द डोक्यातून जात नाही.

२२ नोव्हेंबर, बुध.

आज धीर करून गुरुजींना पुन्हा विचारलं, भूप कधी सुरू करायचा? भूपात पाचच स्वर. पाचही पूर्ण भोकांचे, बोट अर्धं ठेवायची भानगड नाही.

"म्हणूनच नाही," म्हणाले. "भूप आधी दिला की बोटं आळशी होतात. आधी क्रोमॅटिक."

क्रोमॅटिक म्हणजे बाराही स्वर ओळीनं. हा शब्द ते देवाचं नाव घ्यावं तसा घेतात. उभा जन्म लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेला माणूस. तिथे नवा पोरगा बारा स्वर एका दमात चढून उतरला की मगच त्याला टोपी मिळायची म्हणे.

मी म्हटलं, कुठल्याच रागात हे बाराही असे ओळीनं येत नाहीत. मग शिकायचे कशाला?

"घरातले सगळे एका पंगतीत जेवतात का? म्हणून काय कोण कोण आहे ते ठाऊक नको?"

गुरुजी राहतात त्या महाल वस्तीपासून घरापर्यंत सायकलरिक्षात चांगली चार उत्तरं सुचली. उपयोग काय.

२३ नोव्हेंबर

काल लिहिलं नाही, भूपच का ते. कुणी विचारत नाही, तरी.

रामटेकला मामांकडे होते, नऊ-दहा वर्षांची. सकाळी अंबाळा तलावाच्या पलीकडून कुणीतरी बासरी वाजवायचं. माणूस कधी दिसला नाही. मी कुंपणाच्या बांबूचा तुकडा घेऊन फुंकत बसले. आईनं तो हातातून काढून घेतला. रागावली नाही. "मुलींनी फुंकायची ती चूल," एवढंच म्हणाली आणि हातात फुंकणी दिली. चहाचं पाणी ठेवायचं होतं.

तो भूप होता हे कितीतरी वर्षांनी, शाळेच्या गॅदरिंगला एक मुलगी गायली तेव्हा कळलं. मी पडदा ओढायला उभी होते. ओढायचा राहिला.

२७ नोव्हेंबर

खालचा समोरचा दात. बासरी टेकते नेमकं तिथेच दुखतं. आरशासमोर जिभेनं ढकलून पाहिला. हलतो.

३० नोव्हेंबर

बर्डीच्या बाजारातल्या दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. पायोरिया. हिरडीची सूज उतरू द्या, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा, वीस तारखेला काढू. शेजारचाही फार दिवसांचा सोबती नाही.

मी विचारलं, नंतर बासरी वाजवता येईल का?

"कोण वाजवतं? मुलगा?"

"मी."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "खालचा ओठ जरा आत जाईल. फुंकीचं मी काही सांगू शकत नाही, बाई. आजवर कुणी विचारलंच नाही."

२ डिसेंबर, शनि.

गुरुजींना सांगितलं. त्यांनी सुपारी कातरायला घेतली.

"ओठ आत गेला की फुंक नव्यानं शोधावी लागते. सापडते कोणाकोणाला."

"आणि बाकीच्यांना?"

"आमच्या बँडात एक होता. त्याला नाही सापडली. मग त्यानं ढोल घेतला."

मला वाटलं, आता तरी विरघळतील. म्हटलं, मग वीस तारखेपर्यंत भूप?

"तुमचा कोमल रे जरा वर लागून राहिला," म्हणाले.

बासरी त्यांच्या डोक्यात घालावी असं वाटलं. घातली नाही. कोमल रे खाली आणला.

५ डिसें.

थंडी. ओठ फुटलेत. तूप लावलं की बासरी घसरते, नाही लावलं तर रक्त येतं. आठवीच्या निबंधाच्या वह्या तशाच पडल्यात. शिट्टी.

८ डिसें.

आज चोरी केली. हे ऑफिसला, सीताबाई बाजारात. दार लावून भूप वाजवला. सा. रे. ग. किती सोपं, किती मोकळं. डोळ्यांपुढे तलाव येऊ लागला होता.

मग ग वरून प.

ग ला एकच बोट खाली. प ला उरलेली पाचही एकदम पडायला हवीत. पडली नाहीत. तीच शिट्टी.

चोरी करायला गेले आणि तिथेही तेच कुलूप. गुरुजींना हे मुळीच सांगणार नाही.

१३ डिसें., बुध.

गुरुजी म्हणाले, "आज फुंकू नका. दात दुखते ना? नुसती बोटं टाका."

फुंक नसली तरी बोटं बांबूवर पडल्याचा आवाज येतो. एकत्र पडली तर थप्प. मागेपुढे पडली तर टपटपटप. माझी सगळा वेळ टपटपटप, पत्र्यावर बोरं पडल्यासारखी. गुरुजी पाठ करून बसले होते. दर वेळी मान हलायची, आडवी.

हे मला पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? विचारलं. "पहिल्या दिवशी तुम्हाला भूप पाहिजे होता," म्हणाले.

१६ डिसें.

शाळेत पट्टीवर बोटं टाकते. घरी लाटण्यावर. सकाळी तवा तापून धूर निघाला तरी माझं चालूच. हे म्हणाले, "आज पोळी होणार की प?"

दुपारी सीताबाई वर आल्या. "दोनचार दिसापासून शिट्टी नाही वं. बरं हाय ना?"

दाताचं सांगितलं. त्यांनी खालचा ओठ बोटानं खाली ओढून दाखवला. "हे पाय. माह्ये खालचे चार गेले. चूल पेटते ना अजून. फुंकणी जराशी तिरपी धरतो, बस."

हसू आलं. त्या गेल्यावर बासरी जराशी तिरपी धरून पाहिली. काही फरक नाही. उगीच.

१९ डिसें.

दात असतानाची शेवटची संध्याकाळ. यांनी विचारलं, फिरायला जाऊ का? म्हटलं, बसा. बसले. पेपर उघडला नाही.

खालपासून सुरू केलं. तीव्र म पर्यंत आले. बोटं टाकली आणि प आला. शिट्टी नाही, प. भरलेल्या हंड्यासारखा. यांनी मान वर केली. मी थांबले. खरं तर पुढे ध, नि राहिले होते.

पुन्हा वाजवला. शिट्टी. पुन्हा. शिट्टी. जेवणं होईपर्यंत शिट्टीच.

तो एक कसा आला, ते मला सांगता येत नाही. हलत्या दातावर बासरी अशी काय टेकली होती? बोटांनी आणला असेल तर उद्याही येईल. ओठानं आणला असेल तर उद्या तो ओठ

२० डिसेंबर, बुध.

दात निघाला. कागदाच्या पुडीत बांधून दिला, का कोण जाणे. बोलायचं नाही, गरम प्यायचं नाही. आणि फुंकायचं तर मुळीच नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. म्हणजे लक्षात होतं त्यांच्या.

घरी येऊन खिडकीत बसले. ओठ बधिर, कुठे संपतो ते कळत नाही. बासरी टेकवली ती टेकली की नाही, तेही कळेना. फुंकली नाही. सगळी बोटं वर घेतली आणि टाकली.

थप्प.

परत टाकली. थप्प. एकच आवाज. रुसलेली आत्या वेळेवर.

गुरुजी ऐकायला नाहीत. प आहे की नाही, हे फुंकल्याशिवाय मलाही कळणार नाही.

तेवढ्यात खाली शिट्टी झाली. सीताबाईंनी अंगणातून हाक मारली, "ही माही की तुही वं?"

तोंडात कापसाचा बोळा.