दीड वाजता उघडणारा डोळा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा (वय वर्षे त्र्याहत्तर) वाकून नमस्कार. पाठ निम्म्यातच अडते, उरलेला मनाने केला आहे. दवाखान्यातून घरी आलीस हे कळले. खोकला कमी आहे का? जिना चढताना मध्ये थांबत जा. वर कोणी तुझी हजेरी घेणार नाही.

इकडे मी ठीक, लेक मात्र ठीक नाही. तुला ठाऊकच आहे, तिचे काम धुराचे. (आपल्या घराण्यात धुरावर पगार मिळवणारी ती पहिलीच.) उपग्रह डोक्यावरून जाताना खाली कुठे कुठे आग आहे ते टिपतो. त्यावरून किती झाडोरा जळला, किती धूर निघाला, याचा अंदाज ती बांधते आणि संगणकातले वारे तो धूर कुणाच्या दारात नेऊन टाकतील ते पाहते. आमच्या टेकडीवरच्या बागांची छाटणी जळली की धूर नेमका तुझ्या गावी उतरतो. म्हणून तर ती रोज तुला फोन करते, आत्या आज फिरायला जा, आज नको. त्या गुरुवारी नकाशावर एकही ठिपका नव्हता. खुशाल जा म्हणाली, आणि तू अँब्युलन्समधून दवाखान्यात पोचलीस.

तेव्हापासून ती ताटावर बसते आणि आकडे तपासते. वारा चुकला का, झाडोरा कमी धरला का. काल म्हणाली, "बाबा, मला हे जमत नाही. सोडते मी हे काम." ताई, चूक वाऱ्याची नाही, माझ्या तोंडाची आहे.

त्याचे असे झाले. वाचनालयात मला कवितेवर बोलायला बोलावले. (शाळेतल्या कवितांवर बोलायला मला बोलवावे लागत नाही, थांबवावे लागते.) चौथीच्या पुस्तकातली धुक्याची कविता आठवते? तू पुढे म्हणायचीस, मी मागून, आणि दुसऱ्या कडव्याला मी हटकून रडायचो. तीच म्हणत होतो. समोर बागवाले, निम्मे पेंगत. धुक्यावरून धुरावर आलो, धुरावरून लेकीवर, आणि ऊर भरून आला. म्हणालो, आभाळात एक डोळा आहे. दुपारी दीडला तो आपल्यावर उघडतो, दोनच्या आत मिटतो, मग दिवसभर उघडत नाही. टाळ्या पडल्या. आयुष्यात प्रथमच लोक माझे बोलणे लिहून घेताना दिसले. भारावलो मी! त्यांनी फक्त वेळ लिहून घेतली होती हे मला न्हाव्याच्या खुर्चीत कळले. वस्तरा गळ्याशी धरून तो म्हणाला, "गुरुजी, तुमच्या त्या डोळ्यामुळे फार सोय झाली बघा. दंड नको म्हणून आता सगळे चारनंतरच पेटवतात."

नकाशा कोरा आणि आभाळ काळे. त्या गुरुवारी मी गच्चीवर उभा राहून ते पाहत होतो, आणि खरे सांगतो, मला ते धुकेच वाटले. दोन्ही कडवी म्हटली. तिकडे तुझा श्वास अडकत होता.

तुझा
धाकटा

ता. क. पत्र लिहिण्याचे खरे कारण हे. लेकीला फोन कर आणि सांग की चूक तिची नाही, माझी आहे. मला तिच्यासमोर तोंड उघडवत नाही. (एरवी ते मिटत नाही.)

ता. क. दुसरा. एक गोष्ट वर गाळली. त्याच्या आदल्याच दिवशी, बुधवारी, परसातला पाचोळा आणि कुंपणाची छाटणी मीही पेटवली होती. तो डोळा मिटेपर्यंत थांबून.

ता. क. तिसरा. फोन करू नकोस. आज सकाळी ती परसात टेप घेऊन काळ्या वर्तुळाचे माप घेत होती. मान वर न करता विचारले, "बाबा, किती वाजता?" मी म्हणालो, सव्वाचार. मग सगळेच सांगितले. रागावली नाही, हेच फार लागले. फडताळातून एक कोरी वही काढून माझ्या हातात दिली: आता टेकडीवर जा आणि कोण किती वाजता पेटवतो ते घरोघर विचारून या. निघतोच आहे. पहिल्या ओळीवर माझेच नाव आहे. आज वारा तुझ्या दिशेचा आहे म्हणते. खिडक्या लावून घे.