गाडी डुलते म्हणून पोरगी झोपते

३ तारीख, सोमवार
झोप नाहीच. पोरगी पाळण्यात टाकली की किंचाळते, खांद्यावर घेतली की लाथा. झोपते ती फक्त गाडीत. हे बोटीवर नोकरीला गेल्यापासून अंड्यांची व्हॅन मीच चालवते. खड्डा आला की गाडी मागाहून कितीतरी वेळ वरखाली होते, आणि शेजारच्या सीटवर बांधलेली पोरगी गप! देवानेच दिलेला झुला. थोडी भीती वाटते. थोडीच.

४ तारीख
दादाच्या गॅरेजवरून गेले. त्याने बॉनेटचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. म्हणाला, अगं बये, एकदा वर येऊन थांबायला पाहिजे, ही तर मान डोलावतेय. हादरे झेलणारे शॉकअप गेलेत, गाडी आजच ठेव, परवा घेऊन जा.
परवा? तोवर पोरीला झोपवायचं कुणी, त्याने?
घरी येऊन मी स्वतः दाबून बघितलं. एका हाताने. हललीच नाही. दादाला जोर फार.

६ तारीख
बेकरीवाला म्हणाला, वहिनी, अंडी आणता की ऑम्लेट? मी म्हटलं, कोंबड्याच नाजूक झाल्यात हल्ली.

७ तारीख
चाकामागे तेल ओघळलं होतं. फडक्याने पुसलं. आता गळत नाही.
टायर मधेमधेच झिजलाय. बाकीचा छान आहे की.

१० तारीख
ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसते. ठरवलं, हळू चालवायचं आणि ब्रेक दाबायचाच नाही. मग खुपसेल कशी?

११ तारीख
बेकरीच्या दारात ब्रेक दाबावाच लागला. दार बंद होतं.

१३ तारीख
वळणावर गाडी समोरच्या ट्रकच्या अंगावर गेली. ट्रकवाल्याने माझ्या आईचा उद्धार केला. पोरगी मात्र गाढ. शनिवारी दादाकडे. नक्की. पोरीची शपथ.

१५ तारीख, शनिवार
गॅरेजपर्यंत गेले होते. पण पोरीचा नुकताच डोळा लागलेला, थांबले तर उठेल. म्हणून पुढे निघाले. दादा रस्त्यात येऊन दोन्ही हात हलवत ओरडत होता. मीपण हात केला. सोमवारी बघू.

१७ तारीख, सोमवार, दुपार
ओढ्यावरच्या पुलाच्या वळणावर कुत्रं आडवं आलं. ब्रेक दाबला. नाक खाली, बूड वर, आणि गाडी कठडा तोडून गेली. पुढचं एक चाक अधांतरी आहे. माझ्या बाजूचं दार दबलंय. फोन पोरीकडच्या खिडकीतून खाली ओढ्यात गेला. पोरगी बरी आहे, टाहो फोडून रडतेय. मी जराशी हलले तरी गाडी झुलते आणि थांबतच नाही. म्हणून श्वाससुद्धा बेताने घेतेय. तिला पट्ट्यातून सोडवायला हात पुढे करायची हिंमत होत नाही.
हे पान फाडून माझ्याकडच्या खिडकीतून रस्त्यावर टाकतेय. ज्याला सापडेल त्याने माझ्या भावाला फोन करा. नंबर मागे लिहिलाय. म्हणावं, पंक्चर झालंय. नको, पंक्चर म्हटलं तर चहा पिऊन सावकाश येईल. खरं सांगा. शॉकअप गेलेत म्हणा, तूच बरोबर होतास म्हणा, काहीही म्हणा, दोर घेऊन ये म्हणा. गाडीला हात लावू नका. आधी त्याला फोन करा हो.