बाबांना कुठं ठेवलं

मेहकर, ता. ८ जानेवारी १९३५

ती. वामनराव भाऊंस
सत्यभामेचा दंडवत प्रणाम, वि. वि.

तुमचं कार्ड आलं तेव्हा बाबांना जाऊन सहा दिवस झाले होते. लोणार काही लांब नाही. माणूस धाडला असता तर मी दुपारपर्यंत गाडीनं पोचले असते. सर्व यथासांग झालं, एवढंच कार्डात आहे. आणि खाली नमस्कार आहे. आपल्या महानुभावांच्या घरात दंडवत सोडून नमस्कार कधी शिरला, ते वहिनींना विचारून कळवा. तुमची अक्कल त्यांच्याच पेटीत असते.

थट्टा पुरे. बाबांना कोणत्या वावरात पुरलं? विहिरीच्या, की बोरीच्या? मागल्या वर्षी त्यांनी माझा हात धरून शब्द घेतला, की गाव काही म्हणो, पंथाप्रमाणे मला पुरायचं, चितेवर घालू द्यायचं नाही. मी हसून विचारलं, की देह म्हणजे आपण नव्हे असं तुम्हीच शिकवता, मग त्याच्या जागेची काळजी काऊन? ते म्हणाले, की घर सोडतानाही माणूस दार लोटूनच जातो.

सोमवारी येते. त्या जागेवर थोडं बसायचं आहे. लोभ आहे तसा राहू द्या.

सत्यभामा


लोणार, ता. ११ जानेवारी

चि. सौ. सत्यभामेस अनेक आशीर्वाद, वि. वि.

सोमवारी येऊ नकोस. बसायला जागा नाही. बाबांना अग्नी दिला.

माणूस धाडला नाही तो म्हणूनच. तू सरणापुढं आडवी उभी राहिली असतीस. माझ्या पोरीचं, शालूचं लग्न देऊळगाव राजाला ठरलं आहे. आपल्यात मढं पुरतात हे व्याह्यांच्या कानी होतंच. ते स्वतः खांदा द्यायला आले. त्यांच्यादेखत खड्डा खणायचा होता का?

बाबाच सांगत, की देह जड, मन चंचल, जीव दोहोंहून निराळा. जीव गेल्यावर उरतं ते लाकूड. ते पुरलं काय, जाळलं काय. तुझं मन उगाच लाकडाला चिकटलं आहे.

वहिनीनं पापड पाठवले आहेत. राग धरू नकोस, माया धर.

वामन


मेहकर, ता. १४ जानेवारी

वामनराव,

पापड परत पाठवले आहेत.

जीवाचं मला शिकवू नका. मी चौदा वर्षांची या घरात आले. पहिल्या नवरात्रात पंथाच्या नेमाप्रमाणे देवीचा नैवेद्य खाईना म्हणून सासूबाईंनी तीन दिवस ताट दिलं नाही. बाबांनी निरोप धाडला, की भूक देहाला लागते, तुला नाही. त्या वाक्यावर मी एकवीस वर्षं काढली. सासूबाई अजून शेजारणींना सांगतात, की आमच्या सुनेला देवापेक्षा बाप मोठा. मी ऐकून घेते, कारण बाप तसा होता.

त्या माणसाचा अखेरचा शब्द तुम्ही व्याह्यांच्या खांद्यासाठी मोडलात. यापुढे मला भाऊ नाही.

सत्यभामा


लोणार, ता. २१ जानेवारी

चि. सौ. सत्यभामेस अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे तुला दाखवायचं नव्हतं. भाऊ नाही म्हणालीस, म्हणून बाबांची चिठ्ठी सोबत धाडतो. दिवाळीत व्याही घर पाहून गेले, त्या संध्याकाळी बाबांनी ती माझ्या हाती दिली. अक्षर ओळखशील. आपण तेच गिरवलं आहे.

तुझा भाऊ, मान किंवा मानू नकोस,
वामन

(सोबतची चिठ्ठी)

वामन, पोरीचं लग्न माझ्यापायी मोडू नको. मले जाळ. राख झाली तं काय होते. फक्त सत्यभामेले आधी सांगू नको. ते येईन अन् माझ्याच गोष्टी मले ऐकवीन.


मेहकर, ता. ३१ जानेवारी

ती. भाऊंस दंडवत, वि. वि.

अक्षर बाबांचंच आहे. तुम्हाला बोलले ते मागं घेते. तुम्ही त्यांनी सांगितलं तेवढंच केलंत.

मंगळवारी देवीचा नैवेद्य झाल्यावर सासूबाईंना म्हटलं, की मलाही वाढा. त्यांचा हात थांबला. टोमणा मारला नाही. पोळीवर तूप मात्र जास्त घातलं.

मी ठरवून बसले होते. ज्यानं नेम घालून दिला, त्यानं आपला मोडला आणि मला कळू दिलं नाही. मी त्याची कोण लागते? जीवाला अन्न लागत नाही. मन तयार होतं. दोन घास गिळले. तिसऱ्याला परसात धावले. पोटात काही राहिलं नाही. सासूबाईंनी पाठीवर हात फिरवला, असं या घरात कधी झालं नव्हतं. काल त्याच नैवेद्यातली उरलेली पोळी घेऊन पुन्हा बसले. तेच झालं.

शालूच्या लग्नाला येईन. तिथं देवीचा नैवेद्य असेलच, पंगतीला बसवू नका.

बाबांचा जीव कुठं आहे, मला ठाऊक नाही. माझं मन त्यांच्यावरून उठलं आहे. हा देह अजून त्यांचं ऐकतो. त्याला चिठ्ठी वाचता येत नाही.

लोभाचं पुढं पाहू.

सत्यभामा