परतीची तारीख

३ मार्च
जयपूर! राजा पार्कात प्रवास कंपनीची नोकरी, तिलक नगरात खोली आणि खाली गरम कचोरी. कोल्हापूरच्या मितालीला आणखी काय हवं? युगांडाला जाणाऱ्या मराठी प्रवाशांसाठी सल्ल्याची पुस्तिका लिहायची आहे. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्या, मलेरियाच्या गोळ्या चुकवू नका, पाणी उकळूनच प्या, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा. मी स्वतः अजून देशाबाहेर पाऊल टाकलेलं नाही, पण सल्ला द्यायला काय जातं!

५ मार्च
पुस्तिकेच्या शेवटी व्हिसाचा भरलेला नमुना अर्ज छापतात. नाव कुणाचं टाकू, असं मालकांना विचारलं. मुरलीधरजी मराठीच, पण जन्म इथला. म्हणाले, "मतलब, आपलंच टाका ना. लिहिणाऱ्याचंच असतं." फोटो, पासपोर्टचा नंबर, सगळं हौसेनं भरलं. पोचण्याची तारीख १२ मार्च. परतीची लिहायला गेले, तर त्यांनी पेनच काढून घेतलं. ती जागा कोरी ठेवतात म्हणे. विक्षिप्तच आहेत.

१० मार्च
तीनशे प्रती छापून आल्या. मागच्या आवृत्तीत कौमुदी नावाच्या मुलीचा अर्ज आहे. तिचीही परतीची तारीख कोरी. ती आता कुठे असते, विचारलं. युगांडातच रमली, असं मुरलीधरजी म्हणाले. मग तिचा पासपोर्ट माझ्या टेबलाच्या खणात कसा? आत एकही शिक्का नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

१२ मार्च
युगांडातल्या एका लॉजवाल्याचा फोन आला. माणूस भला वाटला. मिताली मॅडम सुखरूप पोचल्या, मच्छरदाणी मागताहेत, असं सांगत होता. मिताली मीच, म्हटलं तर हसला. मुरलीधरजींनी मुद्दाम ही थट्टा करवून घेतली असेल का? मला हसू आलं नाही.

१३ मार्च
चपलांना तांबडी माती. इथे तर सगळी वाळू. दंडावर डास चावल्याच्या गांधी. आईला फोन लावला. "अगं, कालच विमानतळावरून बोललीस ना? इतक्या लांबून सारखा फोन करू नकोस." मी जयपुरातच आहे, असं तीनदा ओरडले. आवाज येत नाही म्हणून तिनं ठेवला.

१४ मार्च
माझ्या खुर्चीत दर्शन नावाचा नवा मुलगा. मुरलीधरजी त्याला काम समजावत होते. मी समोरच उभी — दोघांनीही मान वर केली नाही. भीती वाटतेय. फार.

१५ मार्च, सकाळ
कोरी जागा. तीच भरायला हवी. प्रत्येक प्रतीत — माझ्या हातानं — १६ मार्च, १६ मार्च. दोनशे झाल्या. अंगात ताप. पहिल्या प्रती उघडून पाहिल्या — शाईच नाही.

दुपार
खणात दोन पासपोर्ट. दुसरा माझा — तो तर खोलीवर कुलपात —

दर्शन अर्ज भरतोय. हौसेनं. स्वतःचं नाव टाकू नकोस रे — ऐकू जात नाही. निदान त्याची तारीख तरी मी — टेकलं पेन — उमटतंय! परतीची ता—

मुरलीधरजी बघताहेत. माझ्याकडे. सरळ. हात पुढे — पेन