आमच्या नळाचं पाणी आणि शेजारचे गुरुजी

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०

पहिल्याच घोटाला नाणं चोखल्यासारखी चव. ग्लासात लालसर झाक. शनिवारी लेक सोनल बाळंतपणाला येतेय, सातवा लागलाय. पाण्याचा विषय आजपासून माझ्या हातात. बत्तीस वर्षं जव्हारच्या कचेरीत टेबल सांभाळलंय, हे काय अवघड आहे?

संशय: शेजारचे तुळशीदास गुरुजी. मूळचे वांगणीचे, गेल्या वर्षी घर बांधून इथे आले. पाण्याची लाइन दोन्ही घरांना एकच. हसतात जरा जास्तच.

५ फेब्रुवारी. सकाळी ७

साडेपाचपासून खिडकीत. गुरुजी नळ सोडतात, पहिली बादली बाजूला ठेवतात, मग हंडा भरतात. कारण काय? बायकोने, म्हणजे पुष्पाने, चौकशी केली. म्हणे, पाइपात रात्रभर साचलेलं पाणी झाडांना घालायचं, पिण्याला ताजं घ्यायचं. तिला पटलं. मला नाही.

८ फेब्रुवारी

सोनल आली. पाय सुजलेत. मी शब्द दिला, पाणी वीस मिनिटं उकळूनच देईन. तिने एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

११ फेब्रुवारी

पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आला. आमचं पाणी ९२. पेपर मागायच्या निमित्ताने गुरुजींकडे गेलो, तांब्यात मीटर बुडवला. ९४! आता पुरावाच मिळाला. सोनल म्हणते, ह्या मीटरला शिसं कळत नाही. तिने मोबाइलवर वाचलंय. मोबाइलवर काय, काहीही येतं.

१३ फेब्रुवारी

दोन्ही घरांचं पाणी प्रयोगशाळेत तपासायला दिलं. (गुरुजींचं मीच मागून आणलं. कारण सांगितलं नाही.) तिथल्या माणसाने आमच्या पाण्याच्या दोन बाटल्या मागितल्या: एक पहाटेच्या पहिल्या पाण्याची, एक नळ थोडा वेळ सोडल्यानंतरची. फॉर्मवर 'शेजाऱ्याबद्दल संशय' असा रकानाच नाही. म्हणून पाणीपुरवठ्याकडे वेगळा अर्ज केला. दोन पानी, गुरुजींच्या नावानिशी.

१७ फेब्रुवारी

सोनल चार दिवस गुरुजींकडचं पाणी पितेय, हे आज कळलं. पुष्पाच आणून देते. माझ्या घरात फितुरी. उकळणं वीसऐवजी चाळीस मिनिटं केलं.

१९ फेब्रुवारी

अर्जाला यश. चौकशीसाठी गुरुजींचं कनेक्शन दोन दिवस बंद. त्यांच्या पत्नी कमूवहिनी हंडे घेऊन उतारावरच्या विहिरीवर गेल्या. सोनलने दुपारपासून पाणी घेतलेलं नाही. हा परिणाम अर्ज लिहिताना लक्षात आला नव्हता.

२४ फेब्रुवारी

रिपोर्ट. गुरुजींचं पाणी चांगलं. आमचं नळ सोडल्यानंतरचं चांगलं. आमचं पहाटेचं: लोह जास्त, शिसं मर्यादेच्या वर. तिथले साहेब समजावत होते की जुना लोखंडी पाइप, पितळी नळ, त्यात पाणी रात्रभर थांबलं की धातू उतरतो. उकळून शिसं जात नाही. पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं.

मी विचारलं, शेजाऱ्याने हे नेमकं रात्रीच कसं साधलं असेल? साहेबांनी चष्मा पुसला.

२६ फेब्रुवारी

दाभोशाचा नवशा प्लंबर आला. भिंत फोडली. पाइप आतून गंजाने इतका भरलेला की करंगळी जाईना. हा कुणी बसवला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, फार जुनी गोष्ट. पुष्पा आतून म्हणाली की ह्यांनीच, उभं राहून बसवून घेतला.

नवशाने कागदावर लिहून दिलं: पिण्याच्या पाण्याचा सीपीव्हीसी पाइप. दुकानात कागद दाखवला नाही. ह्यांचं आपसात कमिशन असतं. स्वतः पारखून मजबूत राखाडी पाइप आणला.

नवशाने हातात घेऊन बघितला. "भाऊसाहेब, हा वायरिंगचा पाइप हाय."

१ मार्च, शनिवार

पोशेऱ्याहून जावई जीप घेऊन आले. सोनल सासरी परत निघाली, पुष्पाही तिच्यासोबत. मी म्हटलं, चार दिवसांत पाइप बदलतो, थांब. बाळाचा प्रश्न आहे, मलाही कळतं.

सोनल जीपपाशी थांबली. "बाबा, पाइपामुळे मी जात नाही. कमूकाकू तुमच्या अर्जामुळे दोन दिवस विहिरीवरून पाणी वाहत होत्या, आणि पहिला हंडा माझ्यासाठी आणून ठेवत होत्या. मला तिथे तोंड दाखवायची लाज वाटते."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

५ मार्च

नवीन पाइप बसला. नळही बदलले. ह्या वेळी खरेदी नवशाने केली. पाण्याला चव नाही. म्हणजे असायला हवी तशीच.

संध्याकाळी सोनलला फोन केला. म्हटलं, सगळं नीट झालं, आता ये. तिने एवढंच विचारलं, गुरुजींकडे जाऊन आलात का?

म्हटलं, उद्या जातो.

ती म्हणाली, मग फोनही उद्याच करा.