नाव राखून ठेवलं नाही

नवापूर,
दि. १४ नोव्हेंबर २०२४

लाडकी बेटी शबाना,

अस्सलाम अलैकुम. खांडबाऱ्याला परत गेल्यापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून आपल्या जावयाच्या, मुजाहिदच्याच हाती हे देतोय. उर्दू मला लिहिता येत नाही, घरची बोली कागदावर उतरत नाही. मग शाळेतली मराठीच बरी.

इकडे लगीनसराई तोंडावर आहे. दुकानात भांड्यांचे ढीग. नावं टाकायचं मशीन अजून मी दुसऱ्याच्या हातात देत नाही. लोकांच्या ओट्यावर बसून याच मशीनवर हे दुकान उभं केलं.

काल डोंगराकडच्या दिवलीबाई नातीसाठी हंडा घ्यायला आल्या. नावाचा अर्थ विचारला, तर म्हणे, "दिवाईमा जन्मनू म्हनीसन दिवली. शिमगामा जन्मनू ऱ्हातू तं बोंबली ठेवतात का?" सगळं दुकान हसलं. माझं नाव निजाम, म्हणजे बंदोबस्त, हे मी सांगितलं. लगेच म्हणाल्या, "मंग भाव कमी कराना बंदोबस्त कर ना, भाऊ!"

तू रात्री झालीस, म्हणून शबाना. आईला तेवढं पुरलं. तू मात्र सातव्या महिन्यापासून मोबाईलवर बाळासाठी नावं धुंडाळत होतीस. नमिराचा अर्थ एकीकडे गोड पाणी निघाला, दुसरीकडे वाघीण. तू म्हणालीस, "अब्बा, दोन्ही चालेल. नवापुरात दोन्ही लागतं."

आता लिहितोच.

बाळ रडलंच नाही, असं तुला दवाखान्यात सांगितलं. तू ग्लानीत होतीस. मी दाराबाहेर होतो. शबाना, ती रडली. एकदाच, अगदी बारीक. माझे कान तुला माहीत आहेत. भांडं वाजवून मी चीर ओळखतो. हे तुला कसं सांगावं, ते सुचत नव्हतं. तू फोन उचलला असतास, तरी मी दुकानाच्याच गप्पा मारल्या असत्या.

रडली म्हणजे जिवंत आली. जिवंत आलं त्याला नाव लागतं. कब्रस्तानाला निघताना तुझी आई दारात आडवी आली. "सुनो, कोई भी नाम बोल देना. नमिरा मत बोलना. वो अगली के लिए रहने दो." तुझ्याच काळजीनं बोलली, तिच्यावर रागावू नकोस. मुजाहिद खाली बघत उभा होता. मी ठीक म्हटलं.

मौलानांनी विचारलं, "बच्ची का नाम?" वाटेत एक साधं नाव मी ठरवून ठेवलं होतं. पण ती माझ्या हातात होती. वजन म्हणून काही लागतच नव्हतं. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं गं. मी नमिरा म्हणालो.

पुढे अल्लाहनं मुलगी दिली, तर तिच्यासाठी पुन्हा नाव शोधावं लागेल. तुला विचारायला हवं होतं, पण तू शुद्धीवर नव्हतीस. ये, भांड माझ्याशी. आई घरी नसेल तेव्हा ये, म्हणजे मोठ्यानं भांडता येईल. पण कुणी "काही झालंच नव्हतं" म्हणालं, तर गप्प बसू नकोस. तिचं नाव सांग.

तुझा अब्बा,
आणि नमिराचा नाना,
निजाम