झुंबराखालची जागा

अण्णा,

तुम्ही असता तरी आज मी तुम्हाला फोन केला नसता. तुम्ही काय विचारणार हे मला पाठ आहे, आणि गेला आठवडाभर तोच प्रश्न मी टाळत होते. नांदेडात एका कोचिंग क्लासची नवी इमारत उभी राहिली आहे आणि तिथले सगळे दिवे निवडायचं काम माझ्याकडे आलं. वर्गखोल्या, अभ्यासिका, मुलींचं वसतिगृह, सगळं. क्लासचे मालक म्हणजे स्वतः शिकवणारेच. त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात. आधी त्यांच्याशी उजेडावरून वाजलं. म्हणाले, “बाई, पांढराफटक लाईट लावा, म्हंजे पोरं पेंगत न्हाईत.” मी म्हटलं, “सर, मुलं आहेत ती, पोल्ट्रीतल्या कोंबड्या नाहीत.” हसले आणि ऐकलं. अभ्यासिकेत डोळ्यांना निवेल असा उजेड आला, फळ्यावरची चकाकी गेली, वसतिगृहात प्रत्येक मुलीच्या उशाशी तिचं स्वतःचं बटण आलं. इथवर सगळं सुरळीत चाललं होतं.

अडलं ते मोठ्या हॉलपाशी. सरांनी हैदराबादहून काचेचं झुंबर आणलंय, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढं. निकाल लागला की पहिल्या आलेल्या मुलांचे सत्कार त्या हॉलमध्ये व्हायचे, बाकीची मुलं खाली सतरंजीवर बसायची आणि फोटोत वर झुंबर झळकायचं. पण स्लॅब टाकताना झुंबरासाठी लोखंडी हुक सोडायचं कुणाला सुचलं नाही. वर आता फॉल्स सीलिंग झालेलं. स्लॅबमध्ये नवा हुक बसवायचा तर ते सगळं उतरवावं लागणार, आणि सत्कार तर तोंडावर आलेला. कंत्राटदार मला म्हणाला, “मॅडम, सीलिंगच्या पट्ट्यांनाच आवळून टाकतो. वर कोण बघून राहिलंय?”

वर तुम्ही बघायचात. लातूरच्या आपल्या दिव्यांच्या दुकानात मधोमध एक झुंबर होतं, आठवतंय ना? विकायचं नव्हतंच ते, मिरवायचं होतं. गंजगोलाईच्या बाजारात आलेली बाया-माणसं दारात थबकून बघायची आणि तुम्ही गल्ल्यावर बसून मिशीत हसायचात. शाळा सुटली की मी त्याच्या खाली उभी राहून डोळे बारीक करायची, म्हणजे काचेतून रंग दिसायचे. मग भूकंप झाला. आपल्या घराच्या भिंतीला चिरा पडल्या, तेवढ्यावर निभावलं. उजाडल्या उजाडल्या तुम्ही दुकानातल्या सगळ्या बॅटऱ्या पोत्यात भरल्या आणि किल्लारीच्या बाजूला, आत्याच्या गावाकडे निघालात. आत्याचं घर दगडमातीचं, वर मातीचं माळवद, ऊन लागू नये म्हणून दरसाल माती टाकून जाड करत आणलेलं. तुम्ही परतलात तेव्हा आईनं तुमच्या तोंडाकडे बघितलं आणि काही विचारलंच नाही. तुम्ही तांब्याभर पाणी प्यायलात, म्हणालात, “वरचं वजन लई व्हतं,” आणि तसेच दुकानात गेलात. शिडी लावून झुंबर उतरवलंत. खोक्यात बांधून माळ्यावरसुद्धा नाही ठेवलंत, जमिनीवर ठेवलंत.

त्यानंतर तुमची ती पद्धत सुरू झाली. गिऱ्हाईक दुकानात येतं, दिव्याकडे बोट दाखवतं, आणि तुम्ही दिवा काढायच्या आधी विचारता, “खाली कोन असतंय?” लोक गोंधळून जातात. कुणी म्हणतं जेवणाचं टेबल, कुणी म्हणतं पाळणा. पाळणा म्हटलं की तुम्ही ते सामान देतच नाही, सरळ दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवता. हॉटेल असो की कुणाचा बंगला, तुम्ही आधी जागा बघायला जाणार, खांद्यावरचा पंचा जमिनीवर अंथरणार आणि दिवा लागणार तिथं बरोबर खाली उताणं पडणार. मला ते नकोसं व्हायचं. एकदा अहमदपूरला एका डॉक्टरांच्या नव्या बंगल्यात मी तुमच्यासोबत आले होते. तुम्ही त्यांच्या गुळगुळीत फरशीवर असे पडलात आणि त्यांची मुलगी, माझ्याच वयाची, तोंडाला ओढणी लावून खुदुखुदु हसली. परतताना एसटीत मी तुमच्या शेजारी बसले नाही. तुम्ही मागे वळून म्हणालात, “बाई, दिवा उभ्यानं इकायचा अस्तोय, पन आडवं पडून बघायचा अस्तोय.”

आणि मग माझं घर. नांदेडात आम्ही नवीन घर बांधलं, वास्तुशांत ठेवली. दिवाणखान्यातलं झुंबर मी स्वतः पसंत केलं होतं, दिव्याच्या दुकानदाराची मुलगी म्हणून जरा तोऱ्यातच. पंगत त्याच्याखालीच मांडलेली. सासरे, दीर, शेजारचे प्राध्यापक, सगळे पाटावर बसलेत, वरण-भात वाढून झालाय, आणि तुम्ही दारातून आत येता, वर बघता आणि तिथंच थांबता. सासूबाई म्हणतात, “व्याही, बसा की, अन्न गार होतंय.” तुम्ही वाकून आपलं ताट उचलता. “मी वट्ट्यावर बसतो,” म्हणता आणि ताट घेऊन बाहेर जाता. सासऱ्यांच्या हातातला घास तसाच राहतो. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या, अण्णा. मी तुमच्या मागोमाग ओट्यावर आले आणि दात-ओठ खात म्हटलं, “हे घर माझं आहे.” तुम्ही भात कालवत होता. “घर तुझंच हाय. डोस्कं बी तुझंच हाय,” म्हणालात. निघताना पिशवीतून एक खोकं काढलंत आणि त्यातला दिव्यावर लावायचा वेताचा शेड माझ्या हातात दिलात, टोपलीसारखा हलका. “हे लाव. हे पडलं तर मानूस नुस्तं हासंल.” मी आभारसुद्धा मानले नाहीत.

आज सकाळी हॉलमध्ये मी, सर आणि कंत्राटदार. झुंबर खोक्यातून काढून सतरंजीवर ठेवलेलं. सर म्हणाले, “बाई, आता घोळ नको. आज वर गेलं पाहिजे.” मी म्हटलं, “सीलिंगला मी टांगू देणार नाही.” “मग दुसरा कुणीतरी टांगंल,” सर म्हणाले, आणि ते खरंच होतं. मी नाही म्हटल्यानं माझे हात तेवढे स्वच्छ राहणार, झुंबर जायचं तिथं जाणारच. तोंडातून तुमचा प्रश्न बाहेर पडला, “सर, खाली कोण बसणार?” ते म्हणाले, “कोन म्हंजे? पोरं.” “मग तुमची खुर्ची स्टेजवर नको. इथं मधोमध ठेवू.” त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. “मस्करी करून राहिल्या का माझी?” कंत्राटदार फरशीकडे बघायला लागला.

काय सांगणार होते? किल्लारी त्यांना सांगायची गरज नव्हती, ह्या भागात ती कुणालाच सांगावी लागत नाही. मग मी चपला काढल्या, पदर खोचला आणि सरांच्या त्या चकचकीत फरशीवर, झुंबर लागणार होतं तिथं बरोबर खाली उताणी पडले. ह्या वयात, तीन-चार रंगारी बघत असताना. वर नुसतं पांढरं पीओपी. पाठीला फरशी गार लागत होती. दारातून क्लासच्या दोन मुली डोकावल्या आणि त्यातली एक हसली. मी हलले नाही. खालून सर उंच दिसत होते. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मान वर केली. आणि अण्णा, मान वर असतानाच ते त्या जागेवरून बाजूला सरकले. आपण सरकलो हे त्यांना स्वतःलाही कळलं असावं, कारण पुढचा आवाज वेगळा आला. “उठा बाई. लोक बघून राहिलेत.” मी म्हटलं, “जिन्याच्या पोकळीत स्लॅबला हुक आहे. सामान चढवायला सोडलेला, भक्कम. खाली कठडा करून मोठी कुंडी ठेवू. दारातून शिरणाऱ्या प्रत्येक पालकाला दिसेल.” त्यांनी कपाळ पुसलं. “पालकांना दिसलं पायजे, एवढंच,” म्हणाले.

संध्याकाळी झुंबर जिन्यात चढलं. आधी मी त्या हुकातून दोर ओवून दोन गड्यांना लोंबकळायला लावलं, तुम्ही लावायचात तसं. हॉलमध्ये छताला चिकटलेले चपटे दिवे लागले, वजनच नाही त्यांना.

आता हा कागद कुठं पाठवणार? तुमच्या शेडच्या जुन्या खोक्यात घडी करून ठेवते. पण एक सांगायचं राहिलंय. वास्तुशांतीच्या दिवशी तुम्हाला एसटीत बसवून आले आणि साडीही न बदलता पंगतीसाठी हलवलेला सोफा परत झुंबराखाली न नेता भिंतीला लावला. सासूबाईंना म्हटलं, खिडकीचा वारा लागतो. त्या जागी आजही कुंडी आहे. आमच्यातलं कुणी तिथं कधी बसलं नाही. तुम्ही पुढे येऊन गेलात, कुंडी पाहिलीत आणि काही बोलला नाहीत. मीही बोलले नाही. आणि तुमचा वेताचा शेड मी माझ्या पलंगावर टांगला होता. मागे एका दुपारी त्याची दोरी तुटली आणि तो सरळ माझ्या डोक्यावर पडला. अण्णा, मी हसले. तुम्हाला सांगावं म्हणून फोनकडे हात गेला, आणि मग आठवलं.